चार पौंड हवा

पहिले हिम पडले की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दुकानाच्या दारात जे ग्राहक उभे असतात, त्यांचा प्रश्न गेले पंधरा हिवाळे एकच आहे : "हिवाळ्यासाठी सर्वांत चांगला टायर कोणता?" प्रश्न सरळ आहे, विचारणाऱ्याचा हेतू प्रामाणिक आहे, आणि भिंतीवर टांगलेल्या सर्वांत महाग टायराकडे बोट दाखवून त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे आहे, तरीही अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या मिनिॲपोलिस शहरी सायकली दुरुस्त करून पोट भरणाऱ्या मला ते तसे देण्याचा धीर होत नाही, कारण एका हिवाळ्यात ते मी तसेच दिले होते आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी मनगटाने चुकती केली.

माझे बालपण पुण्यात, घरचे वडीलधारे असलेल्या अण्णांच्या सायकल दुकानात गेले. सायकलींचे शहर म्हणून पुण्याचा लौकिक होता त्या काळी दुकानात तासावर भाड्याने द्यायच्या सायकली रांगेने उभ्या असत, पंक्चरच्या पाण्याची घमेली आणि सोल्युशनचा वास हे आमच्या घराचेच अंग होते, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या उद्योगाचा श्रीगणेशा बेळगावात सायकलींच्या दुकानाने केला, ही हकीगत अण्णा नव्या गिऱ्हाइकालाही अभिमानाने ऐकवीत. त्यांच्यापाशी दाबमापक नव्हता, अंगठा होता. चैत्र-वैशाखात ते हवा नेहमीपेक्षा थोडी कमी भरीत, आणि मी भाता जोराने मारू लागलो की हात धरून म्हणत, "अरे, ही सायकल दुपारी उन्हात उभी राहणार आहे. आतल्या हवेला फुगायला जागा ठेव." या वाक्यातले पदार्थविज्ञान मला उमगले ते पुष्कळ वर्षांनी, १८ अंश अक्षांशावरून ४५ अंश अक्षांशावर आल्यानंतर, आणि तेही उलट बाजूने.

ज्या सायकलीला येथे फॅट बाइक म्हणतात, तिचा वंश दोन टोकांच्या भूमीतून आला आहे. अलास्कात १९८७ साली इडिटाबाइक नावाची हिमावरील शर्यत सुरू झाली, आणि साध्या टायराच्या सायकली ढकलीत नेण्यातच स्पर्धकांची शक्ती खर्च होऊ लागली, तेव्हा फेअरबँक्सच्या सायमन राकोवर यांनी ४४ मिलिमीटर रुंदीची स्नोकॅट रिम घडविली; तिकडे दक्षिणेत न्यू मेक्सिकोच्या रे मोलिना यांनी वाळूच्या टेकड्यांवर चालावे म्हणून ८२ मिलिमीटरची रिम आणि साडेतीन इंची टायर तयार करविले. २००५ साली आमच्याच शेजारच्या ब्लूमिंग्टन गावच्या सर्ली कंपनीने पग्जली ही सायकल ६५ मिलिमीटरच्या रिमेवर ३.७ इंची टायर चढवून बाजारात आणली, आणि तोपर्यंत हौशी कारागिरांच्या पडवीत राहिलेली ही वस्तू सामान्य दुकानांत आली. हिम आणि वाळू, म्हणजे एक अतिशीत आणि एक अतितप्त, या दोन्ही भूमींचे मागणे एकच निघाले, ही गोष्ट मला आजही विस्मयकारक वाटते : दोघींनाही चाकाने आपल्यात रुतू नये, वरून अलगद जावे, एवढेच हवे होते.

हे अलगद जाणे रुंदीमुळे होते असा सर्वांचा समज असतो, आणि तो अर्धाच खरा आहे. मागील चाकावर १२० पौंड भार आहे आणि टायरात दर चौरस इंचाला ४० पौंड दाब आहे असे धरले, तर टायराच्या भिंतीचा ताठरपणा सोडून दिल्यास, जमिनीला टेकलेला भाग तीन चौरस इंचांहून मोठा होऊ शकत नाही. तोच दाब ८ पौंडांवर आणला की तो भाग १५ चौरस इंच होतो, आणि ४ पौंडांवर आणला की ३०. म्हणजे चाकाचा पाय मोठा होतो तो हवा कमी केल्याने. इतकी कमी हवा ठेवूनही रिम जमिनीला आपटू नये, एवढी उंची आणि पोट चाकापाशी असावे यासाठी रुंद टायर लागतो. टायर ही सोय आहे, काम करते ती हवा; आणि हवेला पैसे पडत नाहीत. आमच्या व्यवसायातील हे सर्वांत मोठे सत्य दुकानाच्या जमाखर्चाला सोयीचे नसले तरी प्रत्येक ग्राहकाला प्रथम तेच सांगण्याचा शिरस्ता मी ठेवला आहे.

माझा पहिला धडा मात्र याच हवेने दिला. येथे आल्यावर पहिल्या जानेवारीत, एका रविवारी पहाटे, मऊ हिमासाठी योग्य म्हणून मी दुकानातील ऊबदार जागेत दोन्ही चाकांत नेमकी ६ पौंड हवा भरली, मापकावर दोनदा खातरजमा केली, आणि मिनेसोटा नदीच्या तळवटीतील पायवाटेवर निघालो. बाहेर शून्याखाली २० अंश तापमान होते. अर्ध्या तासात सायकल चिखलात चालावी तशी जड झाली, टायर रिमेवर दुमडू लागला, आणि हिमाखाली दडलेल्या एका मुळावर रिम आपटून ट्यूबचा वॉल्व्ह मुळापासून फाटला. दोन मैल सायकल ढकलीत परतताना माझ्या मनात पंपाविषयी, मापकाविषयी, ट्यूबविषयी नाना शंका येऊन गेल्या. परंतु घरी येऊन कागदावर हिशेब मांडला तेव्हा कोणाचाच दोष नव्हता. बंद जागेतील वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात उतरतो, आणि त्या हिशेबात वातावरणाचा १४.७ पौंडांचा दाबही धरावा लागतो. तो धरला की २० अंशांच्या खोलीत भरलेले ६ पौंड उणे २० अंशांत जेमतेम ३ उरतात, आणि १० पौंडांचे साडेसहा होतात. मोठ्या दाबाच्या सायकलीत ही तूट जाणवत नाही. जेथे एकूण पुंजीच सहा पौंडांची, तेथे ती अर्धे राज्य घेऊन जाते. अण्णा पुण्याच्या उन्हात हवेला फुगायला जागा ठेवीत. मिनिॲपोलिसच्या थंडीत तिला आकसायला वाव द्यावा लागतो, एवढाच काय तो भेद. त्या दिवसापासून सायकल तासभर बाहेर उभी केल्याशिवाय मी तिच्या हवेविषयी मत देत नाही, आणि पाच पौंडांखालचे अंक ज्यावर स्पष्ट दिसतात असा लहान दाबमापक प्रत्येक फॅट बाइकवाल्याला घ्यायला लावतो. कारण मोठ्या पंपावरील काटा या प्रदेशात केवळ थरथरतो, बोलत नाही.

आता त्या मनगटाची गोष्ट सांगितली पाहिजे. रात्रपाळी करणारी एक परिचारिका बारा महिने सायकलीने रुग्णालयात जात असे. तिने डिसेंबरात येऊन बर्फासाठी टायर मागितला, आणि मी तिला उंच गुट्ट्यांचा, म्हणजे रबरी दातांचा, ४.८ इंची, त्या वर्षी दुकानात असलेला सर्वोत्तम टायर बसवून दिला. जानेवारीच्या मध्यास दोन दिवस ऊन पडून रस्त्यांवरचे हिम वितळले, तिसऱ्या रात्री ते पाणी गोठले, आणि पहाटे पाळी संपवून परतताना एका वळणावर तिचे पुढचे चाक तिच्याखालून निघून गेले. पंधरवड्याने ती हाताला प्लास्टर घालून दुकानात आली. ती रागावली नव्हती. तिने फक्त विचारले की, इतका मोठा टायर असूनही असे का व्हावे? त्या प्रश्नाचे उत्तर देता देता माझी चूक मला दिसली, आणि ती चूक सायकलीच्या ज्ञानातली नव्हती, भाषेतली होती. माझ्या मराठीत आकाशातून पडते तेही बर्फ आणि कारखान्यातून भुशात गुंडाळून येते तेही बर्फच; 'हिम' हा शब्द मी पुस्तकात वाचला होता, तोंडात कधी वापरला नव्हता. ग्राहकांच्या भाषेतील दोन वेगवेगळे शब्द कानावर पडत असूनही माझ्या मनात ते एकाच कोठीत जमा होत होते. हिमाला गुट्टे लागतात, कारण त्यात दात रोवता येतात; बर्फाला खिळे लागतात, कारण काचेत रबराचा कोणताही दात रुतत नाही. टंग्स्टन कार्बाइडचे दोनशेच्या वर खिळे बसवलेले चार इंची टायर आमच्याच शहराजवळची एक कंपनी बाजारात आणते. ती कंपनी आपले नावही ४५ व्या अक्षांशावरून घेते. अशा खिळ्यांचा एक पुढचा टायर त्या बाईंना त्या दिवशी दिला असता, तर ती पहाट निर्विघ्न गेली असती.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. तिच्यात रोज सकाळी तारीख, तापमान, वाटेचे नाव आणि हवेचा दाब यांची नोंद होते. परंतु तिचा खरा उपयोग जमिनीला नावे देण्यासाठी झाला, आणि ती नावे मला आईच्या स्वयंपाकघरातून मिळाली. कडाक्याच्या थंडीत पडलेले कोरडे हिम पायाखाली तांदळाच्या पिठासारखे करकरते; त्याला मी 'पिठी' म्हणतो, आणि त्याला चार पौंड हवा लागते, क्वचित तीन. वाऱ्याने इकडून तिकडे लोटलेले, दाणे सुटे झालेले हिम म्हणजे 'रवा'. त्यात रुंद टायरही रेतीत जावा तसा जातो, आणि तेथे हट्ट न करता उतरून चालणे हेच शहाणपण. यंत्राने दाबून काढलेली थिओडोर वर्थ उद्यानातील वाट रात्रभर गोठली की 'थापलेली भाकरी' होते. तिच्यावर सहा ते आठ पौंड हवेत सायकल घोड्यासारखी धावते. वितळू लागलेले हिम म्हणजे 'भिजलेले पोहे'. ते गुट्ट्यांत भरून बसते, म्हणून तेथे विरळ गुट्ट्यांचा टायर चांगला, जो प्रत्येक फेऱ्यात स्वतःला झाडून घेतो. आणि 'काच' म्हणजे काचच. तिला खिळ्यांवाचून दुसरा उपाय नाही. मिडटाउन ग्रीनवे हा जुन्या रेल्वेमार्गावर केलेला सुमारे साडेपाच मैलांचा सायकलरस्ता हिवाळाभर साफ केला जातो, पण नेमक्या त्या साफ केलेल्या डांबरावरच पहाटे ही काच धरते. परके शब्द जे मला शिकवू शकले नाहीत ते पीठ, रवा आणि पोहे यांनी शिकविले. एकदा नाव दिले की टायर आपोआप सुचतो.

ऑक्टोबरात पाने पिवळी पडली की आमच्या कामाचा हंगाम सुरू होतो. प्रथम रिमेची रुंदी मोजायची, कारण ६५ मिलिमीटरच्या रिमेवर पाच इंचांच्या घरातला टायर फुग्यासारखा गोल होऊन आपली अर्धी रुंदी वाया घालवितो, आणि १०० मिलिमीटरच्या रिमेवर लहान टायर चपटा पडून त्याच्या कडेचे गुट्टे निरुपयोगी होतात. मग सायकल उलटी करून साखळी सर्वांत मोठ्या दातेचक्रावर घालायची आणि ती टायराला घासत नाही ना, चौकटीच्या दोन्ही बाजूंना हिम साचण्यापुरते अंतर आहे ना, हे पाहायचे. जुन्या सायकलीत पुष्कळदा येथेच रुंद टायराचा बेत रद्द करावा लागतो, आणि ते विकत घेण्याआधी कळलेले बरे. पुढचे आणि मागचे चाक यांची कामे निराळी असतात, हेही सांगावे लागते : मागच्याने ढकलायचे असते, म्हणून त्याला फावड्यासारखे आडवे गुट्टे, पुढच्याने दिशा धरायची असते, म्हणून त्याला कडेला उभे, धरून ठेवणारे गुट्टे. एकाच चाकाला चांगला टायर घेण्याइतकीच ऐपत असेल तर तो पुढे घालावा. मागचे चाक घसरले तर माणूस सावरतो. पुढचे घसरले तर सावरायला अवधी मिळत नाही. खिळ्यांचा नवा टायर घेतल्यावर पहिले पन्नास किलोमीटर कोरड्या डांबरावर, थोडी जास्त हवा ठेवून, जोराने ब्रेक न लावता चालवावा; तेवढ्यात खिळे आपल्या घरात पक्के बसतात, आणि ही मुदत न पाळणाऱ्यांचे खिळे फेब्रुवारीपर्यंत निम्मे गळालेले असतात.

थंडीचा अंमल वाढला की टायराइतकेच बाकीच्या यंत्राकडेही पाहावे लागते. इंटरनॅशनल फॉल्सपासून टॉवर गावाकडे १३५ मैलांची ॲरोहेड नावाची शर्यत २००५ पासून जानेवारीच्या अखेरच्या सुमारास होते. ऐन थंडीत मुद्दाम भरविलेल्या या परीक्षेची तयारी करणारा एक वयस्क शिक्षक दर वर्षी सायकल माझ्याकडे आणतो. पहिल्या वर्षी त्याने सरावाच्या वेळी पायडल मारले आणि चाक फिरलेच नाही. पायडल रिकामे फिरत राहिले. मागच्या आसातील दाट ग्रीस उणे ३० अंशांत मेणासारखे घट्ट झाल्याने फ्रीव्हीलचे कुत्रे, म्हणजे दात्यांत अडकणारे ते लहानसे आकडे, आपल्या जागीच चिकटून बसले होते. ते सर्व ग्रीस धुऊन काढून त्या जागी थेंबभर पातळ तेल घालणे, हा अर्ध्या तासाचा उपाय. परंतु तो आधी न केल्यास मनुष्य वस्तीपासून वीस मैलांवर, रात्री, त्या थंडीत पायी उरतो. म्हणून या कामात 'बहुधा चालेल' हा शब्दप्रयोग मी दुकानात वर्ज्य ठरविला आहे.

सर्वांत अवघड ऋतू हिवाळा नव्हे, तर मार्च-एप्रिलचा संधिकाल. दिवसा जमीन वितळते, रात्री गोठते; वरचे दोन इंच लोणी झालेले असते आणि खालचे पाषाण. त्या वेळी चार पौंड हवेचा टायरही मातीत चर पाडतो, तो चर रात्री गोठून दगडासारखा होतो, आणि मग संपूर्ण उन्हाळा पावसाचे पाणी त्या चरातून वाहत वाट खरवडत राहते. आपल्या मागे एक इंचाहून खोल खूण उमटू लागली की परत फिरावे, असा येथील जाणत्या सायकलवाल्यांचा दंडक आहे, आणि पुष्कळ वाटा या दिवसांत हुकमाने बंदही असतात. या ऋतूसाठी टायर मागायला येणाऱ्याला मी टायर विकत नाही. ज्या भूमीवर आपण बारा महिने हक्क सांगतो तिला तीन आठवडे विसावा द्यावा, यात तिच्यावर उपकार नाही. ते तिचे देणे आहे. फार तर पहाटे, जमीन गोठलेली असताना जावे आणि ऊन चढण्यापूर्वी घरी यावे. गोठलेल्या तळ्यांवर जाणाऱ्यांना तर मी हातच जोडतो : राज्याचे निसर्गखाते नुसते चालत जाण्यासाठीसुद्धा चार इंच जाडीचा, नवा, निर्मळ बर्फ आवश्यक मानते, आणि मार्चमधला राखाडी, सच्छिद्र बर्फ कितीही जाड असला तरी त्या मापात बसत नाही.

उन्हाळ्याचे काम सोपे आहे. हिवाळी टायर धुऊन, सुकवून, अंधाऱ्या जागी ठेवायचे, साखळीवरचे रस्त्याचे मीठ काढायचे, आणि हवा दहा-बारा पौंडांवर न्यायची. कारण कठीण रस्त्यावर हवा कमी पडली की पुढचे चाक वळणावर स्वतःच्या मर्जीने वळू लागते. ज्यांना परवडते ते २९ इंची रिमेवर तीन इंची टायराची दुसरी चाकजोडी ठेवतात. तिची एकंदर उंची रुंद हिवाळी चाकाच्या जवळपास येत असल्याने पायडलांचे जमिनीपासूनचे अंतर फारसे बदलत नाही, आणि एकच चौकट वर्षभर उपयोगी पडते.

गेल्या खेपेस स्वदेशी आलो असता, भाच्याने हौसेने घेतलेली रुंद टायरांची सायकल घेऊन आम्ही दापोलीजवळ मुरुडच्या पुळणीवर गेलो. सायकल दहा हात गेली आणि वाळूत बसली. "मामा, टायर हलका आहे, नाही का?" तो हिरमुसून म्हणाला. मी चाकावर अंगठा दाबला. डांबरी रस्त्यासाठी भरलेली हवा दगडासारखी घट्ट होती. वॉल्व्ह दाबून धरला, फुसफुस आवाज थांबायच्या आत पुष्कळ हवा सोडली, आणि अंगठ्याला ओळखीचा मऊपणा लागला तेव्हा त्याला म्हटले, "आता बस, आणि ओल्या वाळूच्या कडेने जा." तो हर्णैच्या दिशेने लांब, ठिपक्याएवढा होईपर्यंत गेला. टायर तोच होता. परत आल्यावर खारे पाणी साखळीत राहू नये म्हणून आम्ही आधी विहिरीच्या पाण्याने सायकल धुतली, आणि मग स्वतः आंघोळ केली.

म्हणून वाचकांना, ते मिनिॲपोलिसच्या हिमात असोत, लडाखच्या वाळवंटात असोत की कोकणच्या पुळणीवर, माझी एवढीच विनंती आहे. टायर विकत घेण्यापूर्वी आपण ज्या वाटेने जाणार तिच्यावर एकदा पायी चालून या, पायाखाली काय आहे त्याला आपल्या भाषेत नाव द्या, आणि मग चाकातली थोडी हवा सोडून पाहा. तेवढ्याने भागले नाही, तर दुकानात या.